दारातून कोण आलं

शनिवारी चारला वर्ग सुरू व्हायचा आणि पावणेचारलाच मुंगी जिन्यात येऊन बसलेली असायची. वय अकरा, पण आठची वाटायची. पहिल्या दिवशी तिने आपलं नाव इतकं हळू सांगितलं की मागून एका मुलाने विचारलं, "काय? मुंगी?" तेच चिकटलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात तिने वहीवरसुद्धा तेच लिहून आणलं.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. लांबट खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे. आरशांवर पडदा ओढलेला असे, कारण आरसा दिसला की मुलं दुसरं काही करत नाहीत. वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, मुलांचे आजोबासुद्धा. ताई पंचावन्नच्या होत्या. तरुणपणी त्यांनी बारा वर्षं एका नाटक कंपनीत कामं केली होती, बहुतेक वेळा नायिकेच्या मैत्रिणीची. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज चिरका झाला आणि त्या मुलांना शिकवू लागल्या. शिकवायच्या छान. "पाठ केलेलं ऐकवू नका, ते पोपटालाही जमतं," असं म्हणायच्या आणि मुलांकडून खरोखरच काहीतरी काढून घ्यायच्या.

कपडेपट काकूंकडे होता. काकूंनी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले होते. आता तोंडात टाचण्या धरून त्या कोपऱ्यात बसायच्या आणि टाचण्या तोंडात असल्या तरी बोलायच्या.

त्या वर्षी ताईंना बालनाट्य स्पर्धा हवी होती. सहा वर्षं त्यांच्या नाटकाला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं नव्हतं. गावात दुसरा एक वर्ग निघाला होता. तिथे कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकवत, आणि ताईंची निम्मी मुलं तिकडे गेली होती. उरलेल्या चौदा जणांना घेऊन यंदा असं काही बसवायचं की परीक्षकांची वाचा बसली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं.

वर्गात एक खेळ होता, दारातून कोण आलं. प्रत्येकाने घरातलं कोणीतरी होऊन नसलेल्या दारातून आत यायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. एक मुलगा खोकत खोकत आजोबा झाला आणि चष्मा शोधत बसला. तो त्याच्या कपाळावरच होता. एक मुलगी फोनमध्ये डोकं घालून आली आणि भिंतीवर आपटली. ती तिची मोठी बहीण. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मग मुंगीची पाळी आली.

मुंगीने काही सोंग आणलं नाही. ती आत आली. बूट काढून जोड सरळ लावला, मग वाकून एक बूट नखभर पुढे सरकवला. मनगटावर नसलेलं घड्याळ सोडलं, रुमालाने त्याची काच पुसली, टेबलावर ठेवलं. बाह्या दुमडल्या, एकेक घडी करत, सावकाश. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून मऊ आवाजात म्हणाली, "हं. आज काय काय झालं, सगळं सांग."

खोलीत कोणी हललं नाही. शेवटी एक जण म्हणाला, "डॉक्टर?" आणि सगळे सुटका झाल्यासारखे हसले.

"कोण होतं गं?" ताईंनी विचारलं.

"असंच," मुंगी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशी घरी जाताना ताई जवळजवळ पळत होत्या. नाटक सापडलं होतं. नाव 'सहा वाजले'. पाच घरं, पाच दारं, संध्याकाळी सहाला प्रत्येक दारातून कोणीतरी येतं. पहिल्या चार घरांत हसू आणि शेवटचं घर मुंगीचं.

मुंगीचे वडील चष्मेवाले होते. वाचनालयापासून चार मिनिटांवर त्यांचं दुकान होतं. परिसरातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांनी दिलेली फ्रेम होती. म्हाताऱ्यांना ते हात धरून पायरी उतरवून देत, लहान मुलांना आरसा दाखवत पाच-पाच फ्रेम घालून बघू देत. दुकानातून कोणी वैतागून बाहेर पडलंय असं कधी झालं नव्हतं. तालमी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात ताई तिथे गेल्या. बारीक अक्षरं वाचताना डोकं दुखत होतं. चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, रुमालाने भिंग पुसलं, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "हं. काय काय त्रास होतो, सगळं सांगा."

ताई अडाणी नव्हत्या. त्या खुर्चीतच त्यांना सगळं कळलं. पण त्याच क्षणी, आणि हे त्यांनी पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, त्यांच्या मनात दुसराही एक विचार आला, की पोरीने आवाज किती अचूक उचललाय!

तालमीत त्या मुंगीला म्हणाल्या, "घड्याळ ठेवल्यावर जरा थांब. मनात तीन मोज आणि मग बोल."

"नाही ताई. ते थांबत नाहीत," मुंगी म्हणाली. "घड्याळ ठेवताना आवाज झाला तरच थांबतात."

"मग आवाज कर."

मुंगीने त्यांच्याकडे बघितलं. "आवाज केला तर पुढचंही करावं लागेल."

"पुढचं काय?"

मुंगी बोटाने टेबलाची कड घासत राहिली. ताईंनी दोन क्षण वाट बघितली आणि मग त्यांना एक झकास युक्ती सुचली. वाक्य आधी येईल, मग घड्याळाचा आवाज होईल, मुंगी थांबेल, मान वर करेल आणि तिथेच अंधार. पुढचं काय, ते प्रेक्षकांनीच ठरवावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या भावाचं जुनं घड्याळ आणून दिलं, चांगलं जड, टेबलावर आपटलं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

काकूंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "ताई, एक बोलू? ही पोर अभिनय करत नाहीये. ही सांगतेय."

"काकू, अभिनय म्हणजे सांगणंच असतं."

"तुमच्याशी बोलण्यात मी हरणारच," काकू म्हणाल्या. "पण सांगतेय हो ती." आणि परत टाचण्या तोंडात धरल्या.

प्रयोगाला दहा दिवस उरले असताना मुंगीची आई आली. वर्ग सुटला होता, ताई खुर्च्या लावत होत्या. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबली. हातात रिकामी पिशवी होती आणि तिचे बंद ती सारखे बोटाला गुंडाळत होती.

"ती कुणाचं काम करतेय?"

"एका वडिलांचं. फार सुंदर करते तुमची मुलगी. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते."

"दुसरं काही देता नाही येणार? एखादं झाड वगैरे? नाहीतर म्हातारी?"

"झाड?" ताई हसल्या. "अहो, तिला झाड करायचं म्हणजे..."

"ते बघायला येणार आहेत," आई म्हणाली. "दुकान बंद ठेवून."

"यायलाच हवं त्यांनी."

आईने पिशवीचे बंद बोटावरून सोडवले. मग म्हणाली, "बरं." आणि जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी ताईंनी स्वतःची बरीच समजूत घातली. आता भूमिका बदलली तर नाटक कोसळेल. बाकीच्या तेरा मुलांचं काय? शिवाय माणूस स्वतःला रंगमंचावर बघेल, चारचौघांत, काळोखात बसून, तर त्याला आतून लाज वाटेल. नाटक माणसाला बदलतं, हे त्या आयुष्यभर मुलांना सांगत आल्या होत्या. आणि एक खबरदारी म्हणून त्यांनी पत्रकात एक ओळ घातली: 'यातील सर्व प्रसंग मुलांच्या कल्पनेतून फुलले आहेत.' ती ओळ लिहिल्यावर त्यांना झोप लागली.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. रंगपटात काकूंनी मुंगीला मोठ्या माणसाचा कोट चढवला आणि मिशी रंगवली. पहिली चार घरं मजेत गेली. चष्मा शोधणाऱ्या आजोबांना तर टाळ्यांवर टाळ्या. मग मुंगी आत आली, आणि त्या एवढ्याशा जिवाला गुडघ्यापर्यंतच्या कोटात बघून पुन्हा हशा पिकला. तिने बूट काढले. एक बूट नखभर सरकवला. हसणं कमी झालं. तिने घड्याळाची काच पुसली. विंगेत उभ्या असलेल्या ताईंना तिसऱ्या रांगेतले चष्मेवाले दिसत होते. ते थोडे पुढे झुकून, मुलीचं पाठांतर ऐकणाऱ्या बापासारखे कौतुकाने बघत होते. शेजारी आई खाली मांडीकडे बघत होती.

"हं. आज काय काय झालं, सगळं सांग."

घड्याळाचा आवाज झाला. मुंगीने मान वर केली. अंधार.

लोक उठून उभे राहिले. ताई विंगेत रडत होत्या, आनंदाने.

चष्मेवाले रंगपटात आले. "पोरीचं निरीक्षण दांडगं आहे हो," ते ताईंना म्हणाले. "घरात काही लपवायची सोय नाही." सगळे हसले. मग त्यांनी ताईंकडे निरखून बघितलं, हात पुढे केला आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा दोन बोटांनी सरळ केला. "दांडी सैल झालीये. सवडीने या, आवळून देतो. चल गं, तोंड धू."

मुंगी हलली नाही. वडील बाहेर जाईपर्यंत ती टेबलाला टेकून उभी राहिली. मग ताईंच्या जवळ आली. मिशी अजून तशीच होती.

"ताई, आज मी तुमच्याकडे राहू?"

"अगं, आई-बाबा खोळंबलेत ना तुझे."

"आजच. उद्या जाईन."

दारात दुसऱ्या मुलांचे पालक उभे होते, कोणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं, परीक्षकांपैकी एक जण ताईंना शोधत आत आला होता. ताईंनी मुंगीच्या गालावर हात ठेवला. "उद्या संध्याकाळी बक्षीस समारंभ आहे. भेटूच की. आज जा, हं? शहाणी ना तू."

मुंगीने तोंड धुतलं, कोट घडी घालून काकूंना दिला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सर्वोत्कृष्ट नाटक 'सहा वाजले'. सर्वोत्कृष्ट अभिनय, मुंगी. ती आली नव्हती. तिची ढाल ताईंनी घेतली आणि ध्वनिक्षेपकावर सांगितलं की मुलगी जरा थकलीये. समारंभ संपल्यावर काकू गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांच्या शेजारची परिचारिका इस्पितळात कामाला होती.

"मुंगीची आई काल संध्याकाळी दाखल झालीये," काकू म्हणाल्या. "जबडा मोडलाय. एका कानाने ऐकू येत नाही. जिन्यावरून पडली म्हणून सांगितलंय."

ताईंच्या दोन्ही हातांत ढाली होत्या. "त्यांच्या घराला जिना नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," काकू म्हणाल्या.

दोघी पोलिसांकडे गेल्या. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी कागद पुढे ओढला. "तुम्ही काय बघितलंत?"

"नाटक," ताई म्हणाल्या, आणि आपण किती मूर्खासारखं बोललो ते त्यांना लगेच कळलं. तरी त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, पण म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण आईने लेखी दिलंय की पाय घसरला. ती बोलली पाहिजे."

मुंगी मावशीकडे होती. ताई तिथे गेल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. मावशीने दार उघडलं, पण बसा म्हटलं नाही.

"ताई," मुंगीने मान वर न करता विचारलं, "मी नीट केलं नसतं तर आईला लागलं नसतं ना?"

ताईंनी येताना वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "तुझी काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "चूक त्यांची आहे. आणि माझी."

"तुमची का?"

"मला कळलं होतं."

"कधी?"

"चष्मा करायला गेले होते तेव्हा."

मुंगीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे रंगीत तालमीच्या आधी."

"हो. त्याच्या खूप आधी."

मुंगी उठली. सोललेले दाणे तिने डब्यात भरले, झाकण लावलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. मावशी म्हणाली, "झालं ना तुमचं बोलून? मग निघा आता."

इस्पितळात मुंगीच्या आईचा जबडा तारांनी बांधलेला होता. उशाशी वही आणि पेन होतं. ताई उभ्यानेच बोलल्या. "तुम्ही झाड मागायला आला होतात. कशासाठी ते मला समजलं होतं. आणि प्रयोगाच्या दिवशी तिने मला विचारलं होतं, तुमच्याकडे राहू का म्हणून. मी तिला घरी पाठवलं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती, तोंड फिरवलं असतं तर ताईंना बरं वाटलं असतं. तिने वही ओढली आणि लिहिलं: 'मलाही माहीत होतं. बारा वर्षं.' मग पान उलटून लिहिलं: 'मुंगी जेवते का?'

"शेंगा सोलत होती," ताई म्हणाल्या. "मला नाही माहीत."

आईने डोळे मिटले. तीन दिवसांनी तिने स्वतःहून पोलीस बाईंना बोलावून घेतलं आणि नऊ पानं लिहून दिली.

खटला दीड वर्ष चालला. चष्मेवाल्यांच्या वकिलाने ताईंसमोर नाटकाचं पत्रक धरलं. "ही ओळ तुम्ही लिहिलीत? सर्व प्रसंग मुलांच्या कल्पनेतून?"

"हो."

"म्हणजे हे सगळं कल्पनेतलं."

"नाही. ती ओळ खोटी आहे. खोटी आहे हे मला लिहिताना माहीत होतं."

"मग मुलीला धोका आहे हे माहीत असूनही तुम्ही प्रयोग केलात?"

मागच्या बाकांवर वर्गातल्या मुलांचे पालक बसले होते. त्यातले निम्मे चष्मेवाल्यांच्या बाजूचे होते, कारण इतका सज्जन माणूस असं काही करेल हे त्यांना पटतच नव्हतं.

"हो," ताई म्हणाल्या. "केला."

चष्मेवाल्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. दुकान दुसऱ्याने घेतलं. मुंगी, तिची आई आणि मावशी दुसऱ्या गावी गेल्या. पत्ता काकूंनाच माहीत होता आणि काकूंनी तो ताईंना सांगितला नाही, ताईंनी विचारलाही नाही. वर्ग निकालाच्या आधीच बंद पडला होता. काहींनी मुलं काढून घेतली ती ताईंनी गुन्हा लपवला म्हणून आणि काहींनी, त्यांनी एका भल्या माणसाला तुरुंगात घातलं म्हणून. शेवटच्या शनिवारी तीन मुलं आली. ताईंनी त्यांना घरी पाठवलं आणि खोलीची किल्ली खाली वाचनालयात दिली.

ताई आता एका धोबीखान्यात कपड्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम करतात. तिथे बोलावं लागत नाही. वाफेने चष्मा धूसर होतो, मग त्या तो काढून ठेवतात आणि अंदाजाने आकडे लिहितात. मालकीण ओरडते, पण कामावरून काढत नाही.

काकू अधूनमधून येतात. मागच्या वेळी चादरी द्यायला म्हणून आल्या आणि चादरी ठेवून तिथेच स्टुलावर बसल्या.

"मुंगीकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "चौदाची झाली. उंची वाढलीये, माझ्या खांद्याला लागते. पोहायला जाते, केस कापलेत एवढेसे. वाटेल तेव्हा मोठ्याने हसते. कान किटतात."

"आई?"

"एका कानाने ऐकते. मुंगी त्याच बाजूने चालते तिच्या." काकूंनी चादरीची घडी उगीचच सारखी केली. "त्यांच्या शाळेत नाटक होतं. बाईंनी हिला विचारलं. ही नको म्हणाली."

ताईंनी चिठ्ठी लावली, टाचणी टोचली. पुढची चादर ओढली.

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही," काकू म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली आणि चादरी किती ते विचारलं. काकू म्हणाल्या, चार.